पदवी कॉलेजची, उमेदवारी कंपनीची: हे जमतं कसं?

प्रश्न : माझी मुलगी तालुक्याच्या गावी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. नव्या अभ्यासक्रमात तिला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ करायचं आहे. जागा आपली आपण शोधा, असं कॉलेजातून सांगितलंय. त्याच कॉलेजच्या माहितीपत्रकात मात्र अनेक कंपन्यांशी सामंजस्य करार झाल्याचं छापलं आहे. कंपन्या म्हणतात, आजचे पदवीधर कामाचे नसतात. कॉलेज म्हणतं, आम्ही उद्योगांच्या हातात हात घालून चालतो. मग घोडं अडतं कुठे? आणि विद्यापीठांनी कंपन्यांना माणसं तयार करून द्यावीत, हे तरी बरोबर आहे का? — एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्ही एका पत्रात दोन प्रश्न विचारले आहेत. विद्यापीठांनी नोकरीसाठी शिकवावं का, हा एक. आणि शिकवायचं म्हटलं तरी ते जमत का नाही, हा दुसरा. पहिला लवकर सुटतो, म्हणून तो आधी घेतो.

विद्यापीठं पूर्वी केवळ ज्ञानासाठी शिकवत असत आणि आता कंपन्यांच्या दावणीला बांधली जात आहेत, असा एक समज आहे. इतिहास तसं सांगत नाही. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय, सुरू झालं ते कापड गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात. गिरण्यांतल्या वरच्या तांत्रिक जागांवर तेव्हा लँकेशायरहून आणलेली माणसं असत. यंत्रं कळणारी माणसं इथेच तयार व्हावीत ही गिरणीमालकांची गरज होती, आणि दिनशॉ पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकाने संस्थेला मोठी मदत केली. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. त्याच्या सुरुवातीच्या विषयांतही वस्त्ररसायन होतं. हा विभाग म्हणजे माटुंग्याची आजची आयसीटी.

पुढे काय झालं तेही पाहा. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून संपल्या. या दोन्ही संस्था मात्र टिकल्या. त्यांचे विद्यार्थी औषधं, रंग, प्लास्टिक, संगणक अशा क्षेत्रांत गेले. कारण त्यांना गिरणीतल्या कामाबरोबर त्यामागचं यंत्रशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवलेलं होतं. उद्योगाच्या गरजेतून संस्था उभी राहण्यात काही गैर नाही. एकाच उद्योगाच्या आजच्या गरजेपुरतं शिकवलं, तर ते विद्यार्थ्याच्या अंगाशी येतं. म्हणूनच कंपन्यांकडून येणारी एक मागणी सावधपणे घ्यावी. अमुक सॉफ्टवेअर शिकवा, तमुक पॅकेज शिकवा, अशी ती मागणी असते. पॅकेज दर काही वर्षांनी बदलतं. नोंद जमेला का पडते आणि नावे का पडते हे ज्याला कळलं, तो नवं पॅकेज थोड्या दिवसांत शिकतो. उलट क्रमाने शिकलेला दर वेळी नव्याने अडतो.

आता मूळ प्रश्न. पदवीधर कामाचे नाहीत अशी कंपन्यांची तक्रार असेल, तर त्या स्वतःच त्यांना का शिकवत नाहीत?

बहुतेक लोक इथे कुणाला तरी दोष देऊन मोकळे होतात. प्राध्यापक जुन्या वह्यांवरून शिकवतात, किंवा कंपन्या आयतं मागतात. दोन्हींत थोडं तथ्य असेलही, पण खरी अडचण हिशेबाची आहे. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या पुस्तकात ती मांडली. कौशल्य दोन प्रकारचं असतं. एक फक्त त्या कंपनीतच उपयोगी पडतं : तिची अंतर्गत पद्धत, तिच्या फायली, तिचं खास यंत्र. दुसरं कुठेही उपयोगी पडतं : जीएसटीचं विवरणपत्र भरणं, बँक ताळमेळ जुळवणं, नीट पत्र लिहिणं. पहिल्या कौशल्यावर कंपनी आनंदाने खर्च करते, कारण ते शिकलेला माणूस दुसरीकडे गेला तरी ते कौशल्य तिथे कामी येत नाही. दुसऱ्यावर खर्च करताना तिचा हात आखडतो. बांधावर आंबा आपण लावायचा, पाणी आपण घालायचं आणि आंबे शेजारच्या शिवारात पडायचे, अशी तिची भीती असते. शिकवून तयार केलेला मुलगा दोन हजार जास्त देणाऱ्याकडे गेला, तर शिकवणाऱ्याचा खर्च वाया आणि नेणाऱ्याला तो फुकट.

मोठ्या कंपन्या यातून वाट काढतात. इन्फोसिससारखी कंपनी म्हैसूरच्या आपल्या केंद्रात नव्याने घेतलेल्या पदवीधरांना काही महिने शिकवते. हजारो मुलं एकदम घेतली की खर्च विभागला जातो आणि काही सोडून गेली तरी निभावतं. याच कंपनीने २००४ मध्ये ‘कॅम्पस कनेक्ट’ नावाचा उपक्रम सुरू करून आपलं शिकवण्याचं साहित्य अभियांत्रिकी कॉलेजांना देऊ केलं. शिकवण्याचा काही भाग कॉलेजातच उरकला तर आपल्याकडचे महिने वाचतील, हा त्यामागचा सरळ विचार. पण तुमच्या जवळच्या एमआयडीसीतला चाळीस माणसांचा कारखाना असं केंद्र कुठून उभं करणार? तो अनुभवी माणूस शोधतो आणि ‘फ्रेशर नको’ म्हणतो. सगळ्यांनीच अनुभवी माणूस मागितला तर पहिला अनुभव द्यायला कोणी उरत नाही. तुमच्या मुलीची अडचण नेमकी हीच आहे.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न शंभर वर्षांहून जुने आहेत. अमेरिकेतलं सिनसिनाटी हे यंत्र बनवणाऱ्या कारखान्यांचं शहर. तिथल्या विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे प्राध्यापक होते. शिकत असताना काम केलेले विद्यार्थी पुढे अधिक चांगले अभियंते होतात, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांचा दुसरा मुद्दा पैशाचा होता. कॉलेजने यंत्रं विकत घ्यायची म्हटलं तर ती काही वर्षांत जुनी होतात. नवी यंत्रं कारखान्यांत असतातच, मग मुलांना तिथेच पाठवावं. विद्यापीठाने एका वर्षाच्या प्रयोगापुरती परवानगी दिली आणि १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांवर तो सुरू झाला.

त्यातली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. श्नायडरनी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतला एक या आठवड्यात वर्गात असे तेव्हा दुसरा कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. मुलं शिकत होती, पण कारखान्यातली जागा एकही दिवस रिकामी राहत नव्हती. मालकाला कामाची खात्री होती, म्हणून तो मजुरी देत होता. शिकणाऱ्याची सोय आणि मालकाची सोय एकाच वेळापत्रकात बसवली गेली. ‘को-ऑप’ या नावाने ही पद्धत पुढे पसरली. कॅनडातल्या वॉटरलू इथे १९५७ मध्ये ७४ विद्यार्थ्यांनिशी जे विद्यापीठ सुरू झालं, ते पहिल्या दिवसापासून याच पायावर. तिथे आजही चार महिने वर्ग आणि चार महिने पगारी काम असा फेर चालतो.

जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने त्याहून एक पाऊल पुढे टाकलं. तिथल्या कारखान्यांत शाळा संपल्यावर उमेदवारी करण्याची जुनी परंपरा होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी कंपन्यांच्या लक्षात आलं की हुशार मुलं आता उमेदवारीकडे न येता विद्यापीठात जात आहेत. आपल्याकडे चांगली मुलं यायची असतील तर त्यांना उच्च शिक्षणही द्यावं लागेल, या विचाराने स्टुटगार्टमधल्या डायम्लर-बेन्झ, बॉश आणि एसईएल या कंपन्यांनी पुढाकार घेतला. राज्य सरकारने साथ दिली आणि १९७४ मध्ये स्टुटगार्ट व मानहाइम इथे १६४ विद्यार्थी आणि ५१ आस्थापनांनिशी ‘बेरूफ्सअकादमी’ सुरू झाली. २००९ मध्ये तिला विद्यापीठाच्या तोडीचा दर्जा मिळाला. आता तिथे तीस हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत आणि सुमारे नऊ हजार कंपन्या व संस्था तिच्या भागीदार आहेत.

तिथला प्रवेश आपल्याला उलटा वाटेल. विद्यार्थी आधी कंपनीकडे अर्ज करतो. कंपनी निवडते, त्याच्याशी तीन वर्षांचा करार करते, आणि मग त्याला प्रवेश मिळतो. साधारण तीन महिने वर्गात, तीन महिने कंपनीत असा क्रम तीन वर्षं चालतो. कंपनी त्याला वर्गातल्या महिन्यांचेही पैसे देते. पदवीची परीक्षा मात्र संस्थाच घेते आणि कंपनीच्या कामावरच्या अहवालांनाही तिथे गुण असतात.

बेकरच्या अडचणीचं इथे काय झालं? मुलगा सोडून जाण्याची भीती उरली नाही का? उरली, पण कमी झाली. तीन वर्षांत कंपनीने त्याला आतून पाहिलेलं असतं आणि त्याने कंपनीला. मुलाखतीच्या अर्ध्या तासात जे कळत नाही ते दोघांनाही कळलेलं असतं. शेवटच्या वर्षात तो प्रत्यक्ष उपयोगाचं काम करत असतो, त्यामुळे खर्चाचा काही भाग तिथेच वसूल होतो. शिवाय आजूबाजूच्या शेकडो कंपन्या हाच खर्च करत असतात, त्यामुळे एकाने लावायचं आणि दुसऱ्याने तोडून न्यायचं हा प्रकार फार वाढत नाही. अर्थात या पद्धतीत बसायला दमदार कंपन्या आसपास असाव्या लागतात. ती तशीच उचलून साताऱ्यात आणता येईल, असं मी म्हणणार नाही.

आपल्या देशातलं जुनं उदाहरण पिलानीच्या बिट्सचं. १९७३ पासून तिथे ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालतं. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि शेवटच्या वर्षात सुमारे साडेपाच महिने विद्यार्थी उद्योगात जातात. या काळात संस्थेचे प्राध्यापक त्यांच्या कामावर देखरेख ठेवतात आणि गुण देतात. विद्यार्थ्याला पाठवलं की कॉलेजची जबाबदारी संपली, असं तिथे होत नाही.

एवढं पाहिल्यावर माहितीपत्रकातल्या करारांकडे वळू. सामंजस्य करार म्हणजे पुढेमागे एकत्र काम करू, अशी दोन्ही बाजूंची इच्छा. किती विद्यार्थी घ्यायचे, त्यांना कोण शिकवणार, पैसे कोण देणार, हे त्यात असेलच असं नाही आणि बहुधा नसतं. वर्षातून एक पाहुणे व्याख्यान आणि एक कारखानाभेट एवढ्यावरही तो जिवंत दाखवता येतो. कॅम्पस प्लेसमेंटलाही लोक सहकार्य समजतात. प्लेसमेंट म्हणजे तयार विद्यार्थ्यांतून निवड. त्यांना तयार करण्यात कंपनीने काही केलेलं असेलच असं नाही. खरं सहकार्य ओळखायचं तर तीन ठिकाणी पाहावं लागतं : कंपनीचा पैसा किंवा तिच्या अनुभवी माणसाचा वेळ त्यात गुंतला आहे का, कॉलेजचा प्राध्यापक कामाच्या जागी जातो का, आणि तिथे केलेल्या कामाला गुण कोण देतं. स्टुटगार्ट, वॉटरलू, पिलानी या तिन्ही ठिकाणी ही उत्तरं ठरलेली आहेत.

तुमच्या मुलीचं ऑन जॉब ट्रेनिंग राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलं आहे. कल्पना चांगली आहे आणि ती बी.कॉम., बी.ए.पर्यंत पोचली हे मोठंच पाऊल आहे, कारण पूर्वी असा अनुभव मुख्यतः अभियंते, डॉक्टर, वकील अशांनाच मिळे. अडचण वेळेची आहे. या प्रशिक्षणाला चार क्रेडिट आहेत, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास धरून १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. पहिला आठवडा कार्यालय समजण्यात जातो, दुसऱ्यात छोटी कामं हातात येतात, आणि हात बसतो न बसतो तोच मुलगी परत जाते. कार्यालयाच्या बाजूने पाहिलं तर शिकवण्याचा त्रास पूर्ण आणि उपयोग जवळजवळ शून्य. मग मुलांना झेरॉक्स काढायला आणि फायली लावायला बसवतात. त्यात दुष्टपणा नसतो, तो वीस दिवसांच्या हिशेबाचा परिणाम असतो.

यावर तुमच्या कॉलेजला श्नायडरची युक्ती वापरता येईल, असं मला मनापासून वाटतं. गावातल्या एका सीएच्या कार्यालयात एकाच वेळी सहा मुलं पाठवण्यापेक्षा एका टेबलावर एकामागून एक सहा मुलं बसवावीत. वीस-वीस दिवसांचे सहा फेर, म्हणजे वर्षातले चारपाच महिने त्या टेबलावर सतत कोणीतरी असेल. जाणाऱ्याने दोन दिवस थांबून येणाऱ्याला शिकवावं, म्हणजे सीएंचा वेळही वाचेल. असं टेबल असेल तर सीएसुद्धा त्यावर खरं काम ठेवतील. यासाठी नवा कायदा लागत नाही, फक्त कॉलेजने वेळापत्रक थोडं सैल करायला हवं आणि एका प्राध्यापकाने पंधरवड्यातून एकदा तिथे जायला हवं.

जागा शोधताना ‘कंपनी’ या शब्दाने दडपून जाऊ नका. बी.कॉम.च्या मुलीला शिकण्यासारखं काम तुमच्या आसपास भरपूर आहे : पतसंस्था, जिल्हा बँकेची शाखा, दूध संघ, बाजार समिती. साखर कारखान्याचा हिशेब विभाग तर गाळप हंगामात पाहण्यासारखा असतो. ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं असा नियम आहे, त्यामुळे वजनाच्या पावतीपासून शेतकऱ्याच्या खात्यापर्यंतचा प्रवास तिथे रोज नजरेसमोर घडतो. बी.ए.च्या मुलांनाही वृत्तपत्राचं कार्यालय, ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, नगरपालिका अशा जागा आहेत. कला शाखेला उद्योगांशी काही देणंघेणं नाही, हा समज आता सोडायला हवा.

कुठेही जायचं ठरलं तरी आधी एक पानाचं पत्र घ्या. काम काय, वेळ काय, आणि कोणाच्या हाताखाली, एवढं त्यात असावं. नाव घालून जबाबदारी दिलेला माणूस शिकवतो. नुसतं ‘ऑफिसमध्ये बस’ म्हटलं की कोणीच शिकवत नाही. रोज काय केलं आणि काय कळलं नाही हे मुलीने लिहून ठेवावं. न कळलेल्या गोष्टींची यादी प्राध्यापकांसमोर ठेवली की त्यांनाही आपल्या अभ्यासक्रमात काय राहिलं ते दिसतं. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर उद्योगातल्या तज्ज्ञांना जागा असते, पण त्यांच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात. कामावरून परतलेल्या मुलांच्या अशा याद्या या मंडळांपर्यंत गेल्या तर अभ्यासक्रम सुधारायला त्या जास्त उपयोगी पडतील.

वीस दिवस अपुरे वाटत असतील तर पदवीनंतर वर्षभराची उमेदवारी करता येते, आणि तिला कायद्याचा आधार आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा कारखान्यातल्या फिटर-टर्नरपुरताच आहे, असं अनेकांना वाटतं. १९७३ पासून त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडलं. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. पदवीधराचं किमान विद्यावेतन त्या नियमांत दरमहा ९,००० रुपये ठरलं आणि त्यातला निम्म्यापर्यंतचा वाटा, म्हणजे त्या दराने ४,५०० रुपये, केंद्र सरकार देऊ करतं. वर बेकरची जी अडचण सांगितली, तिच्यावरचा हा सरकारी उतारा आहे : शिकवण्याचा लाभ सगळ्यांना होणार असेल, तर खर्चाचा वाटाही सगळ्यांनी, म्हणजे सरकारी तिजोरीने, उचलावा. २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासक्रमातच अशी उमेदवारी गुंफायला मुभा दिली. तुमच्या कॉलेजने तिचा विचार करावा, असं प्राचार्यांना जरूर सुचवा.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट असू द्या. शिकाऊ उमेदवार हा कायद्याच्या नजरेत प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. आणि वर्षानंतर त्याला नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन मालकावर नाही. त्याबाबतचं धोरण मालकाने स्वतः ठरवायचं असतं. तरीही वर्षभराचा अनुभव आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र हातात असलं की ‘फ्रेशर नको’ म्हणणाऱ्या दारावर मुलीला थांबावं लागणार नाही.

तेव्हा प्राचार्यांना भेटा आणि करारांच्या यादीऐवजी गेल्या वर्षी कोणत्या करारातून किती विद्यार्थी प्रत्यक्ष कामाला बसले, ते विचारा. पदवीनंतरच्या उमेदवारीसाठी केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ संकेतस्थळावर मुलीचं नाव नोंदवा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी हे काम मुंबईत शीव इथलं शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळ पाहतं. विद्यार्थ्याला या नोंदणीसाठी काहीही शुल्क नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.